दस्त्यावरचं नाव

मित्रांनो, मी लढाई पाहिलेली एक जुनी रायफल. सध्या अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या डेलमर नावाच्या निवृत्त खाणकामगाराच्या भिंतीवर मी टांगलेली असते. येणारे-जाणारे माझं कौतुक करतात. मला ते सोसवत नाही.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता लाकडाचा. मला एका उंच शिपायाच्या हाती दिलं गेलं. सगळे त्याला लंबूच म्हणत. एका हिवाळ्यात खंदकात बसून त्याने माझ्या दस्त्यावर चाकूने आपलं नाव आणि गाव कोरलं.

"सरकारी माल खराब करतोस? साहेब सालटं काढेल," शेजारचा म्हणाला.

"काढू दे. मी मेलो तर हिच्यावरून आईला कळेल तरी."

बर्फ वितळण्याआधीच लंबू गेला. त्या धुमश्चक्रीत मला दुसऱ्याने उचललं. आईला कुणीच कळवलं नाही. मला वाचता येत नाही, मित्रांनो. चाकू कुठे खोल गेला, कुठे वळला, एवढंच मला ठाऊक होतं.

युद्ध संपलं. मला गरम ग्रीसमध्ये बुडवून, कागदात गुंडाळून पेटीत निजवलं. ते तपकिरी ग्रीस नाकात बसणारं, किळसवाणं. पण त्याने गंज येऊ दिला नाही आणि ती अक्षरंही जपली. पुढे सरकारने आम्हाला मोडीत काढून परदेशी विकलं. अंधारात मी एकच आस धरली होती, की कुणीतरी मला पुसेल आणि ते नाव वाचेल.

अमेरिकेत मला विकत घेणाऱ्या डेलमरने मन लावून पुसलं. लोखंडाला रॉकेल, नळीत उकळतं पाणी. लाकडात मुरलेलं ग्रीस वितळून बाहेर यावं म्हणून दस्ता त्याने आधी घरच्या ओव्हनमध्ये घातला.

"माझ्या बिस्किटांना आता बंदुकीचा वास येतोय," बायको लोरीन कडाडली. "तुझं ते लाकूड बाहेर ने, नाहीतर जेवण पण बाहेरच."

मग त्याने दस्ता चिंध्यांत गुंडाळून काळ्या पिशवीत घातला आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला. ग्रीस पाझरलं. तो रोज पुसायचा. बाकीचं लाकूड कोरडं झालं. कोरलेल्या रेघांतून मात्र तपकिरी घाम येतच राहिला. अख्खं नाव उमटलं होतं.

"अरे, काहीतरी लिहिलंय बघ," लोरीनचा भाऊ वेंडल म्हणाला. "चर्चमधल्या त्या म्हाताऱ्या बाईला दाखव की. तिची आई रशियाचीच होती."

"रविवारी रायफल खांद्यावर टाकून प्रार्थनेला जाऊ? पाद्री पळत सुटेल." डेलमर हसला. "कुणीतरी खिळ्याने ओरबाडलंय रे. ग्रीस तिथेच अडकतंय. घासल्याशिवाय सुटायचं नाही."

त्याने पॉलिशपेपर घेतला. मनाने वाईट नाही हो तो. शीळ घालत घासत होता, मायेनेच. भुसा पायाशी पडत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं. शेवटी त्याने हात फिरवून पाहिला. गुळगुळीत. मग जवसाचं तेल चोळलं.

"नवीकोरी दिसतेय," वेंडलही म्हणाला.

लोरीनने भुसा झाडून कचऱ्यात टाकला.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर जरूर पुसा, पण घासण्याआधी कुणालातरी विचारा. माझ्यासाठी आता काही करू नका. कोरलेलं काय होतं, असं कुणी उद्या विचारलं, तरी मला सांगता येणार नाही. मला तो फक्त लंबू म्हणून ठाऊक आहे.