एकादशीची गोळी

धारवाडच्या प्रयोगशाळेत वेदश्री ज्यावर काम करत होती, ती एक साधी पांढरी भुकटी होती: मायकोफिनॉलिक आम्ल. बशीत वाढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर ते घातलं की त्यांचं एक एन्झाइम अडून बसे आणि वाढ थांबे. धुऊन काढलं की पेशी पुन्हा वाढू लागत.

तेच औषध गोळ्यांच्या रूपात अण्णा, म्हणजे तिचे वडील बाळाचार्य, घेत होते. वेदश्रीच्या आईची, हेमावतीची, किडनी त्यांना बसवली तेव्हापासून. परकी किडनी ओळखून तिच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी या गोळीनं गप्प राहायच्या.

"तुझी आई आता आतूनही माझ्यावर लक्ष ठेवते," अण्णा म्हणायचे.

"बाहेरून ठेवून काय उपयोग झाला?" हेमावती स्वयंपाकघरातून विचारायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात अण्णांचे पाय सुजले. हुबळीच्या डॉक्टरांनी तपासलं. शरीर किडनी नाकारत होतं.

"गोळ्या चुकल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"छे! रोज घेतो," अण्णा म्हणाले.

उद्याच दाखल व्हा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. धारवाडला परतताना वाटेत रायापूरपाशी बस थांबली तेव्हा आई हळूच म्हणाली, "एकादशी सोडून."

"म्हणजे?"

"निर्जळा करतात ना हे. पाणीच नाही तर गोळी गिळणार कशी? दुसऱ्या दिवशी पारणं झालं की घेतात."

वेदश्री अण्णांकडे वळली. "औषधानं उपास मोडत नाही, हे प्रवचनात तुम्हीच लोकांना सांगता ना?"

"आजाऱ्याला सांगतो, वेदा. मी कुठं आजारी होतो? तुझ्या आईनं बरं केलं होतं की मला."

तिला रागावायचं होतं. जमलं नाही. एकेका एकादशीला त्यांच्या रक्तातून औषध ओसरत गेलं असणार आणि पेशी जाग्या होत गेल्या असणार. बशीत हेच दिसलं की ती आनंदानं प्रयोगशाळेतल्या सरांना हाक मारायची.

इंजेक्शनं झाली, सलाइन झाली. किडनी वाचली नाही. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या, डायलिसिस सुरू केलं. रोजच्या इतर गोळ्यांत ती आता नसते, हे अण्णांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

पुढच्या एकादशीला ते खाटेवर उठून बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण वेदा, ती किडनीची गोळी. आज एकादशीलाही घेतो."

आईनं वेदश्रीकडे पाहिलं. त्या पसरलेल्या तळहातावर ठेवायला दोघींकडे काहीच नव्हतं.