कोरी बाटली

डोकं फिरणार नाही तर काय होणार? तुम्हीच सांगा. वर्षभर मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात वाकून वाकून बाटल्या भरल्या. लोक पोटात घेतात ती औषधं, अंगाला चोळतात ती मलमं, सगळं शेवटी गटारात येतं आणि 'शुद्ध' म्हणून नदीत सोडलेल्या पाण्यातही उरतंच, एवढंच मला दाखवायचं होतं. त्यातलं एक वेदनाशामक तर तिथे ठाण मांडूनच बसलेलं. हे सिद्ध झालं असतं तर केंद्राला आणखी एक गाळणी बसवावी लागली असती. आणि ऐन वेळी कोरी बाटली फितूर झाली.

कोरी बाटली म्हणजे अगदी शुद्ध पाण्याची बाटली. बाकीच्या बाटल्यांबरोबर ती न्यायची, तिथेच उघडायची, तिथेच बंद करायची. तिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलं तर ती घाण पाण्यातली नाही, आपल्या हातची. माझ्या कोऱ्या बाटलीत तेच वेदनाशामक निघालं!

"बाई, तुमची कोरी बाटलीच कोरी नाही," आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले. "मग बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवू कसा? सोमवारी पुन्हा भरा. ती स्वच्छ आली तर अहवाल वर पाठवतो. नाही आली तर प्रकल्प बंद."

हा माणूस कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

तो मग मी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईवर चढवला. बाटल्या धुते ती, म्हणजे चूक तिचीच! "धुतेस की नुसतं पाणी दाखवतेस?" असं मी सगळ्यांदेखत बोलले. ती वयाने माझ्याएवढीच, माझ्याइतकीच कामाची. तिने बाटल्यांचा आख्खा ट्रे उचलला आणि पुन्हा धुवायला नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं अण्णांना ऐकवत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर ट्रक चालवून त्यांची कंबर कामातून गेली आहे आणि पाठीमागे त्यांचा हात पोचत नाही. म्हणून कामावर निघण्याआधी मी त्यांच्या कमरेला मलम चोळते. दिवसभरात आमचं भांडण होत नाही अशी तेवढीच वेळ.

"खाली. आणखी खाली," अण्णा म्हणाले. "त्या बाईला बोलतेस कशाला? साधी माणसं दिसली की तुझी जीभ सुटते."

"तुम्ही मध्ये बोलू नका. कुठून येतंय ते औषध, कळत नाही आणि—"

माझा हात तिथेच थांबला. मलमाची नळी समोर गादीवर पडली होती. तिच्यावर ठळक अक्षरात त्याच औषधाचं नाव होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! गावभर चोर शोधत फिरणारी मी, आणि चोर माझ्याच तळहातावर.

साबणाने खसाखसा हात धुऊन मी तशीच प्रयोगशाळेत गेले, तळहात शुद्ध पाण्यात बुडवला आणि ते पाणी यंत्राला दिलं. विहिरीत पडलेली चिमूट पकडणारं यंत्र ते! आकडा एकदम उसळला. ते कातडीत मुरलेलं होतं, साबणाला दाद देत नव्हतं. त्याच हातांनी मी हातमोजे चढवायची, त्याच मोज्यांनी बाटलीचं झाकण उघडायची. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. तंत्रज्ञ बाईची माफी मागितली. "असू दे, मॅडम," ती म्हणाली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

उपाय सोपा होता. घरी मलम लावताना हातमोजे घालायचे. दुसऱ्या दिवशी घातले. रबराचा स्पर्श होताच अण्णा दचकून वळले.

"हे काय?"

"सोमवारपर्यंत फक्त. माझं काम—"

"काढ आधी ते. गटाराला हात लावताना घालतेस ना हे? मग मी काय गटार आहे?"

"अण्णा, उगाच काहीतरी बोलू नका!"

"राहू दे. नाही दुखत मला."

त्यांनी सदरा ओढून घेतला. मी मलम बदलून पाहिलं; त्यांनी वास घेऊन ते बाजूला सारलं. नाही दुखत म्हणे! भिंतीला धरून उठत होते, बसताना दात आवळत होते. मला त्यांचा संताप येत होता आणि रडूही येत होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मनाचा हिय्या केला. नमुने मी कधीच दुसऱ्याला भरू दिले नव्हते. माझा कुणावर भरवसाच नाही. तरी चहाच्या वेळी तंत्रज्ञ बाईसमोर गेले. "सोमवारी तू बाटल्या भरशील?"

ती कसनुशी हसली. "मॅडम, मी रोज सासूबाईंचे गुडघे चोळते. हेच मलम. हातमोजे घातले तर म्हणतील, सुनेला किळस येते."

गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. बायकोचा खांदा. हिशेबनीस बाईंना विचारलं. नवऱ्याची टाच. रखवालदाराने तर स्वतःचीच मान पुढे केली, "वास घेऊन बघा!" म्हणाला. सगळे हसायला लागले आणि माझा तोल गेला.

"हसताय काय? अख्ख्या इमारतीत असा एक हात नाही का, ज्याने कुणाचं काही चोळलं नाही?"

माझा आवाज केबिनपर्यंत गेला असणार. साहेब कप घेऊन बाहेर आले.

"मी भरतो," ते म्हणाले.

मी चिडलेलीच होते. "साहेब, तुम्ही कुणाला मलम वगैरे लावत असाल तर—"

"नाही लावत."

"घरी कुणाला?"

"घरी कुणी नाही, बाई." त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "आधी लावायचो. हिची मान दुखायची. आता माझ्या हाताला काही नसेल."

वर्षभर ज्या माणसावर दातओठ खाल्ले, त्याच्यासाठी मी खुर्ची पुढे ओढली.

सोमवारी साहेबांनी पँट दुमडली आणि केंद्राच्या काठावर वाकून बाटल्या भरल्या. हळू, नीट, कोरी बाटली सर्वांत शेवटी. मी मागे लांब उभी राहून सूचना देत होते. त्या दिवशी सकाळी मी अण्णांना उघड्या हातांनी मलम लावून आले होते. "आलीस का ताळ्यावर?" एवढंच ते म्हणाले होते.

यंत्रातून कागद आला. नदीत जाणाऱ्या पाण्यात वेदनाशामक होतं, आणि माझ्या जुन्या आकड्यांइतकंच भरपूर होतं. म्हणजे मी खरी होते! धावतच केबिनमध्ये गेले. साहेबांनी चष्मा लावला. नदीचे आकडे त्यांनी भराभर वाचले, आणि कोऱ्या बाटलीच्या ओळीवर मात्र बोट ठेवून थांबले.

"'काहीही आढळले नाही'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हटलं होतं ना, बाई." आणि त्यांनी खाली सही केली.