मी, मामांच्या अक्षरांची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. लिहिण्याचे खरे काम माझ्यामागचा एडिटर नावाचा प्रोग्राम करतो. त्याची सगळी कामे कळा दाबूनच होतात, माउस लागत नाही. पण त्याची अक्षरे मुंगीएवढी. ती मोठी करून दाखवणे हे माझे काम.

मला एका भाचीने तिच्या मामांसाठी घडवले. मामा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. त्यांना दिसेही कमी. हात थरथरत, त्यामुळे पेनाने लिहिलेले कुणाला लागत नसे आणि माउस भलतीकडेच पळे. मनगटे टेकवून कळा दाबल्या की मात्र बोटे वळणावर येत. माझ्यावर त्यांनी पहिले वाक्य लिहिले, 'चहात साखर कमी आहे.' भाची हसता हसता रडली.

तिने माझा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, सुधारावा. अनोळखी लोकांनी मला वापरले, वाखाणलेही. पुढे भाचीला बाळ झाले, नोकरीचा व्याप वाढला. लोकांच्या तक्रारी आणि त्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या न वाचताच साचत गेल्या.

मग मामांना तापाने रुग्णालयात ठेवावे लागले. त्याच सुमारास संगणकाची प्रणाली आपोआप बदलली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता.

परिचारिका इंजेक्शन घेऊन आली. औषधाचे नाव ऐकताच मामांनी हात मागे ओढला. त्यांना सुईची भीती वाटते, असे तिला वाटले. मामांनी उशाशी ठेवलेल्या संगणकावर घाईने मला उघडले. मी उघडले, पण कोरीच. ते लिहीत होते, अक्षरे मागे एडिटरपर्यंत पोचत होती, आणि मला एकही रेघ उमटवता येत नव्हती. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"काका, यावर काहीच दिसत नाहीये. आता उशीर करून चालणार नाही," परिचारिका म्हणाली आणि तिने त्यांचा दंड धरला.

तेवढ्यात भाची औषधे घेऊन आत आली. मामांनी तिचा हात ओढून कळांवर ठेवला. कोरा पडदा पाहून ती समजली, लिहिलेले आहे पण दिसत नाही. तिने मजकूर साठवला, मला बंद केले, नुसता एडिटर उघडला आणि पडद्याला नाक लावून वाचले,

"हे औषध मला चालत नाही. तरुणपणी याने श्वास अडकला होता."

भाचीलाही हे ठाऊक नव्हते. परिचारिकेने सुई खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावले. औषध बदलले. मामांचा ताप उतरला.

मामांच्या उशाशी बसूनच भाचीने माझा कोड उघडला. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका अनोळखी बाईंनी नवी प्रणाली येताच माझ्यातला हाच बिघाड सुधारून पाठवला होता. भाचीने ती दुरुस्ती स्वीकारली, त्यांची माफी मागितली. आता त्या दोघी मिळून मला सांभाळतात.

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूमागेही कुणीतरी राबत असते. ती बिघडली तर नुसती नावे ठेवू नका. नीट कळवा, जमले तर हातभार लावा. आणि कुणी हात मागे ओढून नाही म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे कळेपर्यंत जरा थांबा.