सत्यभामेच्या खिडक्या

दिंद्रुडात टँकर सुरू झाला त्या उन्हाळ्यात सत्यभामेनं घराला नवी दारं-खिडक्या बसवल्या, आणि तिच्या थोरल्या जावेचं, साखराबाईचं, जेवणावरचं मनच उडालं.

दोघींच्या घरांत एकच भिंत, अंगणही एकच. सत्यभामा महिला दूध संस्थेची अध्यक्ष. संस्थेच्या कामानं बीडला गेली असता तिनं दुहेरी काचांच्या, कडेनं रबरी पट्टी असलेल्या खिडक्या पाहिल्या आणि तशाच आणल्या. ऊन बाहेर, गारवा आत. तिचा कूलर बंदच असायचा. साखराबाईचा मात्र दिवसभर घरघरत टँकरचं पाणी प्यायचा, तरी पत्र्याच्या दाराच्या फटींतून झळा यायच्याच.

"लाइटबिल निम्म्यावर आलं, आक्का," सत्यभामा एकदा सहज म्हणाली.

"तुजं काय बाई, तू अध्यक्ष हायस," साखराबाई म्हणाली. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

वैशाखातल्या एका दुपारी सत्यभामा बैठकीला निघाली. जाताना किल्ली जावेच्या हातात दिली. "टँकर आला तर माजी पिपं तेवढी भरून घ्या."

टँकर आला नाही. साखराबाईनं तरीही कुलूप काढलं. एक दिवस तरी हिचं घर तापू दे, अंथरुणावर फुफाटा बसू दे, एवढंच तिच्या मनात होतं. आतला गारवा अंगाला लागला तशी ती आणखीच पेटली. तिनं अंगणाकडची खिडकी सताड उघडली.

पण शिवाराकडून धुळीचा लोट उठलाच होता. बघता बघता वादळ गल्लीत शिरलं. डोळ्यांत माती गेली तशी तिनं धडपडत खिडकी ओढली, मूठ फिरवली. आवाज एकदम दबला. काच थरथरली, चौकट जागची हलली नाही. त्याच काचेतून तिला स्वतःचं दार दिसलं. दोनदा आपटलं, बिजागरीतून उपटलं आणि अंगणात जाऊन पडलं. तिच्या उघड्या घरात धूळ शिरत राहिली. 

वारा पडल्यावर सत्यभामा धावत आली. पलंगपोसावर मातीचा थर होता. तिनं एकदा खिडकीकडं, एकदा जावेकडं पाहिलं.

"आक्का, तुमी आत व्हता म्हनून वाचलात," एवढंच बोलून तिनं पलंगपोस बाहेर नेऊन झटकला. "दार बसंपर्यंत हितंच ऱ्हावा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साखराबाईला वाटलं. ती आणि तिचा नवरा बंकट तिथं आठवडाभर राहिले. तिला झोप गाढ लागायची, आणि त्याचाच राग यायचा.

शेवटी बंकटनं बीडचाच मिस्त्री बोलावला. नवं दार बसलं तशी साखराबाईनं कडेनं बोट फिरवून फट चाचपली.

"सत्यभामीच्या दारापरीस घट हाय का?"

"लई घट, मावशी," तिचा चेहरा बघून मिस्त्री म्हणाला.

त्या दुपारी साखराबाईनं जावेला आपणहून चहाला बोलावलं. सत्यभामा आत आल्यावर दार लावून घेतलं.

"बघ, गार वाटतंय का?"

"माज्या घरापरीस गार हाय, आक्का," सत्यभामा म्हणाली.

साखराबाईनं तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.