एक 'ओ' की दोन

सोमवारी सकाळी सव्वाआठला क्येंजोजोच्या रस्त्यावर चहापत्तीने भरलेल्या लॉरीने टिंकासिमिरेच्या मोटरसायकलला मागून ठोकरलं. नऊच्या सुमारास एक मोटरसायकलवाला फोर्ट पोर्टलच्या बाजारामागे जमिनीचे दावे लढवणाऱ्या कचेरीत आला आणि टिंकासिमिरेची पाठीवरची पिशवी कुनिहिराच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "तुमचा माणूस जिवंत आहे. पण शुद्धीवर नाही."

पिशवीला रक्त लागलं होतं. आतल्या टॅबलेटवर ओरखडाही नव्हता.

कुनिहिरा या कचेरीत अकरा वर्षं टंकलेखन करत होती. जमिनीवरून हुसकावलेल्या लोकांच्या जबान्या टिंकासिमिरे गावोगाव जाऊन टॅबलेटवर ध्वनिमुद्रित करून आणायचा आणि ती त्या संगणकावर घेऊन उतरवून काढायची. गेल्या वर्षी कचेरी फोडून कोणीतरी संगणक नेला. आठवड्याभरात तीन साक्षीदारांच्या झोपड्या जळाल्या. तेव्हा कुनिहिराच टिंकासिमिरेला म्हणाली होती, "असं बंद कर, अराली, की चोराच्या हाती नुसता पत्रा लागावा."

त्याने तसंच केलं. नव्या संगणकाची अख्खी डिस्क कुलूपबंद झाली आणि टॅबलेटही. किल्ली म्हणजे एक वाक्य: 'ओराइरे ओता अबवोली'. म्हणजे, रात्र कशी गेली, अबवोली? अबवोली हे कुनिहिराचं मानाचं नाव, जसं अराली टिंकासिमिरेचं. टोरो लोकांत प्रत्येकाला असं एक असतं, आणि ते न घेता कुणाला हाक मारणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. वाक्य विसरणं शक्यच नव्हतं. पण गेल्या आठवड्यात एका पाहुण्यासमोर तिने ते पुटपुटत टाइप केलं, तेव्हा कचेरीचे वकील काइजा खो खो हसले. "आपल्याकडे चोराला कष्टच नकोत! नमस्कार केला की तिजोरी उघडते."

शनिवारी टिंकासिमिरेने गावाहून फोन केला. "टॅबलेटचं वाक्य बदललंय, अबवोली. आता तुला नाही, माझ्या आत्याला नमस्कार. लिहून ठेवू नकोस हं."

"आत्याचं मानाचं नाव काय?"

"सोमवारी सांगतो. फोनवर नको."

आज सोमवार होता. दुपारी दोनला कोर्टात काबासोमीबाईंच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी होती. त्यांचा नवरा कटुरामु शुक्रवारी टिंकासिमिरेसमोर बोलला: बांध कुणी घातला, चहाच्या मळेवाल्याने हद्दीचे खांब कधी हलवले, सगळं. रविवारी पहाटे तो वारला. त्या खांबांबद्दल बोलणारा दुसरा कुणी उरला नव्हता.

कुनिहिराने संगणक लावला. जुन्या वाक्याने डिस्क लगेच उघडली. तिने सुस्कारा टाकला, कटुरामुच्या नावाचा कप्पा उघडला. आत काही नव्हतं. कटुरामुचा आवाज अजून टॅबलेटवरून संगणकावर आलाच नव्हता.

"मग टॅबलेट उघडा की," काइजा म्हणाले.

"दहा वेळा चुकलं तर तो स्वतःला पुसून टाकतो, अमोटी."

"पुसतो म्हणजे? परत आणता येत नाही?"

"नाही."

"बनवणाऱ्या कंपनीला विचार."

"त्यांनाही येत नाही. म्हणूनच आपण हे कुलूप घेतलं."

काइजा खाली बसले.

तिने जुनं वाक्य दिलं, मग अंदाजाने मानाची नावं घालत गेली; ती सगळी मिळून डझनभरच. सहावी चूक झाल्यावर ती उठली आणि टॅबलेट घेऊन इस्पितळात गेली.

टिंकासिमिरेच्या डोक्याला पट्ट्या होत्या, तोंडात नळी. पायाशी बसलेल्या बाई त्याच्या आत्या असाव्यात हे नाकावरूनच कळत होतं. मानाचं नाव माहीत नसताना नमस्कार कसा करायचा? कुनिहिरा गुडघ्यावर बसली आणि आधी तेच विचारलं.

"अबोकी," आत्या म्हणाल्या. "तू अबवोली ना? हा सारखी तुझीच टिंगल करायचा. म्हणायचा, कचेरीची किल्ली बोलकी आहे."

कुनिहिराला हसू आलं नाही. "अबोकी, तुमचं नाव लिहितात कसं? 'ओ' एक की दोन?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "भाचा माझा असा पडलाय आणि तू अक्षरं मोजतेस?" मग आवाज उतरला. "नाव हाक मारायला असतं, पोरी. माझं कुणी कधी लिहिलंच नाही."

शाळेच्या पुस्तकात हे नाव रोमन अक्षरांत लिहिताना 'ओ' दोन. टिंकासिमिरे मेसेजमध्ये कधी एक घालायचा, कधी दोन. 'ओराइरे ओता' कधी जोडून, कधी तोडून. तिने दोन 'ओ' घालून पाहिलं. चूक. एक घालून पाहिलं. चूक. नमस्कार जोडून लिहिला. चूक.

पडद्यावर आलं: आणखी एकच प्रयत्न शिल्लक.

तिने टॅबलेट बंद केला. खाटेशी वाकून ती हळूच म्हणाली, "ओराइरे ओता, अराली?" पापणीही हलली नाही.

कोर्टात मळेवाल्याच्या वकिलाने एवढंच विचारलं, "पुरावा आहे म्हणता, मग ऐकवा." काइजांनी मुदत मागितली. न्यायाधीशांनी शुक्रवार दिला, आणि तो शेवटचा असं बजावलं.

बाहेर बाकावर काबासोमीबाई बसल्या होत्या. नवऱ्याला पुरून त्यांना एकच रात्र झाली होती. कुनिहिराने सगळं सांगितलं. त्यांनी दोष दिला नाही, टॅबलेटकडे बोट केलं.

"ते याच्यात आहेत?"

"हो, अकिकी. त्यांचा आवाज आहे."

"मग असू दे. घाई करून घालवू नका." त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला, पदराने त्याची काच पुसली, आणि गार वारा सुटला तेव्हा वर आपली शाल घातली.

चार वाजता टिंकासिमिरेला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. साडेसहाला परिचारिकेने फोनवर सांगितलं, अजून बाहेर आणलेलं नाही.