राक्षसीण माफी मागते तो भाग

भीमपुरात तोशिमारू कुणालाच माहीत नाही. तुळशीराम मात्र शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जपानात तो तोशिमारू म्हणून आधी चित्रांच्या पुस्तकात होता, मग कार्टूनमध्ये आला, तिथून तेलुगू बोलायला शिकला, आणि भाजीवाल्या सोनाबाईच्या सुनेच्या, चंदाच्या, हाती लागल्यावर थेट "काऊन बे" म्हणायला लागला. दुपारी घर मोकळं झालं की चंदा मोबाइलवर कार्टूनचे तुकडे कापायची, बाहेरचा आवाज नको म्हणून डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि सगळ्यांचे आवाज स्वतःच काढून ते इंटरनेटवर टाकायची. ओठ एकीकडे, बोलणं दुसरीकडे. पण त्या लोकांचे डोळेच वाटीएवढे, ओठांकडे बघतो कोण!

मालिकेचा खरा जीव म्हणजे हजार वर्षांची राक्षसीण. तुळशीरामनं तलवार उपसली की ती म्हणायची, "आलं मोठं तलवारवालं. आंघोळ केली का?" असं बोलणं सुचायला चंदाला डोकं खाजवावं लागत नसे. सोनाबाई सकाळपासून बोलायची आणि दुपारी चंदा ते राक्षसिणीच्या तोंडी घालायची. नवऱ्यानं, देवानंदनं, हे केव्हाच ओळखलं होतं. पण आई आणि बायको यांच्या मधे पडणाऱ्याचं काय होतं, हे त्याला कार्टून न बघताही कळत होतं.

चंदाचा जीव अडकला होता शेवटच्या भागात. त्यात राक्षसीण मरता मरता माफी मागते. चंदाला ती माफी सासूच्या आवाजात ऐकायची होती, मग ती स्वतःच्याच घशातून का निघेना. लग्नानंतर तिचे वडील अमृतराव पहिल्यांदा वांकिडीहून आले, जेवायला बसले, तेव्हा सोनाबाई चंदानं केलेल्या भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली होती, "पोरीले काई शिकवलंच नाई तुमी." ते ताटाला नमस्कार करून न जेवताच उठले, ते पुन्हा या घरी आले नाहीत.

घात झाला तो बाजारात. भाजीच्या दुकानावर वांगी दाबून बघणाऱ्या कॉलेजच्या मुलीवर सोनाबाई खेकसली, "वांगं हाय ते, जावयाचा गाल नाई." मुलगी रागवायचं सोडून टाळ्याच पिटायला लागली. हा आवाज ओळखीचा आहे म्हणत तिनं मोबाइल काढला आणि सोनाबाईला राक्षसीण दाखवली.

सोनाबाई तडक घरी आली, टोपली डोक्यावर तशीच. चंदानं मोबाइल पदराखाली लपवला. पण सासूची तक्रार वेगळीच निघाली. नक्कल भिकार होती. हजार वर्षांची बाई अशी शेळीवानी बोलते का? शेवटचा भाग ती स्वतः बोलणार होती.

दोघी गोधडीत शिरल्या. सोनाबाईनं तुळशीरामच्या सात पिढ्या अशा काढल्या की चंदाला हसू आवरेना. मग राक्षसीण कोसळली. चंदानं हळूच सांगितलं, इथं माफी मागायची आहे.

"मी काऊन मागू? तलवार घेऊन थो आला. मी का त्याच्या घरी गेलो होतो?"

"मागा, आत्याबाई," चंदा म्हणाली. आता मागे फिरणं नव्हतं. "त्याचा बाप उपाशी गेला."

कुणाचा बाप, हे सोनाबाईला विचारावं लागलं नाही. पडद्यावर राक्षसिणीचे ओठ नुसतेच हलत राहिले. चित्र संपता संपता सोनाबाई घोगऱ्या आवाजात बोलली.

"बापाले जेवाले बोलाव. भाकर मी थापतो."

चंदानं तो भाग तसाच्या तसा टाकला. बघणाऱ्यांनी खाली लिहून लिहून उच्छाद मांडला. तुळशीरामच्या बापाले हिनं पयल्याच भागात खाल्लं, आता जेवाले कोन येईन? चंदानं कुणालाच उत्तर दिलं नाही. ती वांकिडीला फोन लावून बसली होती. तिकडून हॅलो आलं.

"बाबा," ती म्हणाली, "जेवाले या. आत्याबाईनं बोलावलं."