चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

तिनं तपासणीचा कागद काउंटरवर आपटला, तेव्हा औषधवाला कात्रीनं स्ट्रिप कापत होता. समोर गाल सुजलेला एक माणूस उभा होता. त्याला तीनच गोळ्या हव्या होत्या आणि डॉक्टरची चिठ्ठी त्याला कुणी विचारलीही नव्हती.

"वाचा," ती म्हणाली.

कागदावर बारा अँटिबायोटिक औषधांची नावं होती आणि त्यांतल्या अकरांपुढं एकच शेरा होता, उपयोग नाही. तिचे बाबा सहा दिवस दवाखान्यात तापानं फणफणत होते. बाराव्यानंही गुण आला नाही तर पुढं काय, हे तिच्यासारख्या नर्सला कुणी वेगळं सांगायला नको होतं. एकटे राहणारे बाबा ऊठसूट इथूनच असल्या गोळ्या नेत होते आणि त्यानंच जंतू औषधांना सरावले, हे तिला काल कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं औषधवाल्याचे यथेच्छ वाभाडे काढले. हे औषधाचं दुकान आहे की चॉकलेटांचं, असंही विचारून झालं. तो मात्र साळसूदपणे स्ट्रिप कापत राहिला.

"ताई, माझ्या मनानं मी बाबांना एक गोळी दिली नाही. ते दर वेळी चिठ्ठी दाखवायचे."

"कुठल्या डॉक्टरची?"

"चष्म्याच्या घरात असते बघा. फार जपायचे."

ते घर तिच्याच पर्समध्ये होतं. भरती करताना बाबांच्या वस्तू तिच्या हवाली केल्या होत्या. कोण हा दिवटा डॉक्टर, त्यालाही सोडत नाही, असं पुटपुटत तिनं झाकण उघडलं. चष्म्याखाली औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता, हाताळून हाताळून मऊ पडलेला. पुढं औषधाचं छापील नाव, मागं पेनानं लिहिलेलं: 'ताप आला की सकाळी एक, रात्री एक. बरं वाटलं की बंद.'

अक्षर तिचं होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा असेच कण्हत होते, तिला ड्यूटीला उशीर होत होता आणि डॉक्टरकडं न्यायला सवड नव्हती.

"म्हणायचे, लेक नर्स आहे, डॉक्टर हवा कशाला," औषधवाला म्हणाला.

त्याचं थोबाड फोडावंसं तिला अजूनही वाटत होतं. तिनं पुठ्ठा मुठीत गच्च धरला.

सुजलेल्या गालाचा माणूस पुडी घेऊन तिच्याकडं वळला.

"ताई, तुम्ही नर्स ना? मग कशा घ्यायच्या ते यावर लिहूनच द्या."

औषधवाल्यानं खिशातलं पेन काढलं आणि काउंटरवरून तिच्याकडं सरकवलं.